आसेगावचे लाल पाहुणे

"अळ्या गोळा करायला कोणी एवढ्या लांब जातं का?" असं मला पुण्यात भेटेल त्यानं विचारलं. लोक काश्मीरला जातात, माझी मावशी तर नुकतीच चारधाम करून आली. मी गेले आसेगावला. अकोला जिल्हा, मंगरूळपीर तालुका. आणि परत आले ती अशी खुशीत, की मावशीच्या बद्रीनाथाचं वर्णन मी धड ऐकूनही घेतलं नाही. तिचा राग अजून गेलेला नाही.

आधी कामाचं सांगते, म्हणजे मी भर थंडीत बर्फासाठी का धावले आणि गुळावरून का ओरडले ते कळेल. तळ्याच्या चिखलात एक बारीक लाल अळी राहते. तिचा पुढे डासासारखा दिसणारा, पण न चावणारा किडा होतो. या अळीच्या लाळेच्या ग्रंथीतली गुणसूत्रं एवढी जाडजूड असतात, की साध्या सूक्ष्मदर्शकातून स्वच्छ दिसतात. त्यांच्यावर जिथे एखादं जनुक जोरात कामाला लागलेलं असतं तिथे फुगवटा येतो. काम थांबलं की फुगवटा बसतो. जनुकाचं काम असं डोळ्यांनी बघायला मिळणं म्हणजे केवढी चैन! या फुगवट्यातून निरोपाचे कण सुटतात आणि केंद्रकाच्या भिंतीपाशी येतात. त्या भिंतीला असंख्य दारं असतात, आणि प्रत्येक दाराभोवती आठ गोळ्यांची महिरप. कण त्या दारातून बाहेर पडला तरच पेशीला निरोप पोचतो. नाही तर जनुकानं आत कितीही आरडाओरडा करावा, बाहेर कुणाला पत्ता नाही.

माझा प्रश्न एवढाच होता, की हे दार म्हणजे नुसतं भोक आहे की कोण जाणार, कधी जाणार यात त्याचाही काही हात असतो? दारं बघायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो, आणि तो मुंबईला. पुण्याच्या नदीतल्या अळ्या प्रयोगशाळेत येईपर्यंत मरगळायच्या. माझ्या सगळ्या फोटोंत दारं होती, कण नव्हते. शेवटी आमचे सर म्हणाले, "होळीच्या आधी आपल्याला मुंबईच्या यंत्रावर एक पाळी मिळाली आहे. दारातून जाणारा कण दिसला तर हा विषय तुझा. नाही तर माशांची गुणसूत्रं मोजायला घे." मी मूळची रत्नागिरीची. मला मासे खायला आवडतात, मोजायला अजिबात नाही.

तेव्हा गौतम मदतीला आला. तो आमच्याच विभागात प्रात्यक्षिकं घेतो आणि आसेगावचा आहे. "ताई, आमच्या तळ्यात अंबाडी भिजत घालतात," तो म्हणाला. "त्या जागचा चिखल हातात घेतला की लाल दिसतो. तिथेच चिरफाड करा, तिथेच पेशी थिजवा. नदीच्या अळ्या इथवर आणून मारण्यापेक्षा बरं." मी त्याच दिवशी सामान बांधायला घेतलं.

वाशीम

वाशीमला गौतम आणि मी उतरलो तेव्हा सकाळचं ऊन कोवळं होतं. स्टेशनबाहेर सगळा कापूस! बैलगाड्या कापसानं एवढ्या फुगलेल्या, की मागून बैल दिसत नव्हते. आमच्या कोकणात गाडीत फार तर गवत नाही तर चिरे. आणि इथली जमीन काळीभोर. लाल माती पायाला लागते आणि झटकली की जाते, ही चपलेला धरून बसते आणि घरापर्यंत येते.

मंगरूळपीरच्या एस.टी.त माझ्या मांडीवरची लाकडी पेटी बघून कंडक्टरनं विचारलं, "पेटी वाजवता का बाई?"

"नाही हो. सूक्ष्मदर्शक आहे. बारीक वस्तू मोठ्या दिसतात यातून."

"मंग आमच्या साहेबायले दाखवा. त्यायले आमचा पगार लय बारीक दिसून राह्यला." सगळी गाडी हसली. मग त्यानं आपली घडी घातलेली सतरंजी माझ्या पेटीखाली सरकवली, धक्के लागू नयेत म्हणून. रस्ता असा होता, की ती सतरंजी माझ्याखाली असती तरी चाललं असतं.

आसेगाव

गौतमचं घर गावाच्या कडेला. पुढे स्वच्छ सारवलेलं अंगण, आत भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली ताजी शेवंती. मी दारात चपलांचे बंद सोडत बसले होते. बंद चिखलात आवळलेले, सुटेनात. एवढ्यात गौतमची आई आली. अंजनाबाई. उंच, सावळ्या, आवाज खणखणीत. त्यांनी मला चपलांसकट दंडाला धरून आत घेतलं.

"अहो, चिखल आहे चपलांना!"

"चिखल पुसता येते. आमच्या दारात आमी कोनाले उभं ठेवत नाही, बाप्पा. आमचे मानसं लोकायच्या दारात लय उभे राह्यले. आमच्या सासऱ्यानं छप्पन साली धम्म घेतला अन् त्याच दिवशी घरात सांगतलं, आपल्या उंबऱ्यावर कोनी थांबलं नाही पाह्यजे. बस वो माय."

हे त्यांनी अगदी सहज सांगितलं. तोवर पुढ्यात पाण्याचा पितळी तांब्या आणि वाटीत गुळाचा खडा आला होता. गूळपाणी आमच्याकडेही द्यायचे, मी लहान असताना. आता कोण देतं? पुण्यात तर आधी "चहा घेणार का?" असं विचारतात, तेही उत्तर 'नको' यावं अशा आवाजात. इथे गूळ खाऊन पाणी प्यायल्याशिवाय 'प्रवास कसा झाला' हेसुद्धा विचारलं नाही.

दुपारी तळ्यावर गेलो. बहात्तरच्या दुष्काळात हे तळं भेगाळून पडलं होतं म्हणे, आता काठोकाठ भरलेलं. एका कोपऱ्यात अंबाडीच्या पेंढ्या पाण्यात दाबून ठेवलेल्या, वर दगड. साल कुजून सुटली की तिचे दोर वळतात. वासाचं काय सांगू! रत्नागिरीच्या सुक्या मासळीच्या बाजारात वाढलेली मी, मलासुद्धा पदर नाकाला लावावा लागला. पेंढ्या नामदेवरावांच्या होत्या. तळ्याला लागून त्यांची मोठी शेती, डोक्याला पागोटं, मिशा भरघोस. ते काठावर उभे राहून आमचा खटाटोप बघत होते.

"गौतम, बाई काय हुडकून राह्यल्या?"

"अळ्या, काका. लाल."

"अन् मंग त्यायचं काय करतेत?"

"त्यांच्या थुंकीची गाठ काढतात."

नामदेवरावांनी पागोटं सारखं केलं. मग म्हणाले, "सरकार याच्यासाठी पगार देते?" देतं, असं मी चिखलातूनच सांगितलं आणि पुढचं पाऊल टाकताना बदकन बसले. कमरेपर्यंत चिखल! नामदेवराव धावत आले आणि त्यांनी अंबाडीच्या एका काडीचं टोक पुढे केलं. ती काडी अर्थातच मोडली. पण माझ्या मुठीत जो चिखल आला होता, त्यात लाल अळ्या वळवळत होत्या. एवढ्या टपोऱ्या आणि तरतरीत अळ्या मी आयुष्यात पाहिल्या नव्हत्या. मी तिथेच बसून आनंदानं ओरडले. नामदेवरावांना वाटलं मला काहीतरी चावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात सूक्ष्मदर्शक मांडला. आरसा उन्हाकडे फिरवला, ग्रंथी काढली, रंगवली, काचेखाली दाबली आणि बघितलं. गुणसूत्रावर केवढा तरी फुगवटा! मऊ, पसरलेला, जोमात. मग सगळ्यांनी पाळीपाळीनं बघितलं. गौतमचा थोरला भाऊ किसन शेतकरी माणूस, तो भिंगाला डोळा लावून म्हणाला, "हे तं पराटीवर बोंड फुटलं." पराटी म्हणजे कपाशीचं झाड. मी वर्गात इतकी वर्षं फुगवट्याचं वर्णन करते आहे, पण यापुढे हेच सांगणार.

पेशी थिजवायचं रसायन मी मोजकंच आणलं होतं, आणि ते बर्फात ठेवून वापरायचं असतं. बर्फ मिळणार मंगरूळपीरला, तोही दुसऱ्या दिवशी. शिवाय पकडण्याच्या धक्क्यातून अळ्या सावरायला हव्या होत्या. म्हणून दोन मडक्यांत तळ्याचं पाणी आणि चिखल घालून त्यांना घरात गारव्याला ठेवलं. "यांना कोणी हात लावू नका," असं मी चारचारदा बजावलं.

तो दिवस नामदेवरावांच्या शेतात गेला. हुरडा! शेणीच्या आरात भाजलेली कणसं, हातावर चोळून फुंकर मारलेले हिरवे दाणे, बरोबर तिळाची चटणी. संध्याकाळी घरी वांग्याचं भरीत, ज्वारीची भाकर आणि असा ठेचा, की माझ्या कानातून वाफा निघाल्या. मी हळूच विचारलं, भात आहे का? किसनभाऊ म्हणाले, "ताई आजारी हायेत काय?" इथे भात आजाऱ्याला किंवा लग्नात. आमच्याकडे भाताशिवाय जेवण नाही. मी मुकाट्यानं तिसरी भाकर घेतली.

मंगरूळपीर

दर्ग्याजवळच्या बाजारात बर्फ मिळेल असं किसनभाऊ म्हणाले होते. बाजार मोठा झकास. एकीकडे चादरी आणि गुलाबाच्या पाकळ्या, दुसरीकडे तुरीच्या राशी, मधे बांगड्या भरून घेणाऱ्या बायका. दर्ग्यात सगळेच जात होते, पागोटी, टोप्या, हिरव्या लुगड्यांतल्या बायका. मीही डोकं टेकून आले. बर्फ मिळू दे, म्हटलं, बाकी मी बघते.

पण बर्फ काही दिसेना. सरबताच्या दुकानातल्या पांढऱ्या दाढीच्या चाचांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "सर्दी के दिन में बरफ? तबियत ठीक हाये नं बाई?"

मी त्यांना सगळं सांगितलं. अळी, ग्रंथी, दार, कण. घाईत होते, जमेल तसं सांगितलं. चाचांनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हंजे त्याले निकलताना पकडाचं हाये, अन् गरमी झाली तं तो बिगडते."

"अगदी बरोबर!"

"आज एक निकाह हाये. शरबतासाठी बरफ आला हाये माया घरी. चला." भुशात पुरलेली लादी त्यांनी फोडली, मोठा तुकडा पोत्यात गुंडाळला आणि वर पुन्हा भुसा ओतला. "वऱ्हाड्यायले शरबत थोडं कमी थंडं लागन. कोनी मरत नाही त्यानं. जा लवकर."

एस.टी.त पोत्यातून थेंब गळत होते आणि प्रत्येक थेंबाला माझा जीव खालीवर होत होता.

पुन्हा आसेगाव

घरी आल्याबरोबर खात्री करायला एक अळी घेतली, ग्रंथी दाबली आणि भिंगाला डोळा लावला. बोंड गायब! जिथे काल एवढा फुगवटा होता तिथे गुणसूत्र सपाट. दुसरी अळी घेतली. सपाट. दुसऱ्या मडक्यातली घेतली. तीही तशीच.  बर्फ वितळतोय, होळीच्या आधीची एकुलती एक पाळी, आणि डोळ्यांपुढे माशांच्या टोपल्या.

"मडक्यांना कोणी हात लावला?" मी विचारलं. विचारलं कसलं, ओरडलेच.

अंजनाबाई चुलीपाशी होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "हात नाही लावला वो. काल अन् आज थोडासा गूळ टाकला पान्यात. दोन्हीत."

"गूळ?"

"पाव्हने हायेत नं ते तुये. तुले देल्ला, त्यायले नुसतं पानी कसं ठेवाव? बरं नाही दिसत."

मी काय काय बोलले ते लिहीत नाही. गौतम मान खाली घालून उभा होता. अंजनाबाईंचा चेहरा पडला, पण त्या मागे हटल्या नाहीत. "अळ्या कायच्याही असो," त्या म्हणाल्या, "घरात आल्या होत्या."

करायला काहीच उरलं नव्हतं म्हणून मी पुन्हा सूक्ष्मदर्शकाशी बसले. आणि हळूहळू माझ्या लक्षात यायला लागलं. मोठा फुगवटा बसला होता हे खरं, पण त्याच गुणसूत्रावर पलीकडे, जिथे काल जेमतेम सूज होती, तिथे दुसराच फुगवटा टम्म वर आला होता. पहिल्या अळीत तसं, दुसऱ्या अळीत तसं, सगळ्या अळ्यांत तसंच. आजारी अळ्यांत असं शिस्तीत काही होत नाही. साखरेनं फुगवटे हलतात असं मी ऐकून होते, पण ते डोळ्यांसमोर, अंगणात, चुलीच्या धुरात बघायला मिळेल असं कुठे वाटलं होतं! गुळानं एक जनुक गप्प केलं होतं आणि दुसरं जागं केलं होतं. फुगवटा ओसरल्यावर दारापाशी काय होतं हेच तर मला बघायचं होतं!

मी उठून अंजनाबाईंचे हात धरले. पिठाचे होते. "मावशी, तुमच्या गुळानं जनुक हललं!"

"मंग आता हे बरं झालं का वंगाळ झालं?"

"बरं झालं! फार बरं झालं! पण आता मला गूळ न खाल्लेल्या अळ्या हव्यात, आत्ताच्या आत्ता."

आम्ही सगळे तळ्याकडे पळालो. अंजनाबाईसुद्धा, पदर खोचून. आणि बघतो तर कोपरा रिकामा! त्याच दिवशी नामदेवरावांनी पेंढ्या बाहेर काढल्या होत्या. गडी पाण्यात उतरून गेले होते, सगळा गाळ ढवळलेला, हाताला एक अळी लागेना. काठावर बायका बसून काड्यांची साल सोलत होत्या. मी मटकन खाली बसले. मला रडू यायला लागलं होतं आणि ते मी लपवलं नाही.

"बाई, अशा काहून बसल्या?" नामदेवराव आले. गौतमनं सांगितलं. ते मागे वळून सोलणाऱ्या बायकांना म्हणाले, "अवो, त्या सालीच्या चिकटात लाल किडे दिसतेत का?"

"हायेत नं! हातालेच चिकटून राह्यले. आमी पुसून टाकतो."

"पुसू नका! बाईकडे द्या."

मग जे सुरू झालं ते आठवलं की अजून हसू येतं. दहा-बारा बायका काड्या सोलताहेत, मधेच "हा घे वो," "हा मोठा हाये," "माया त्याच्याहून लाल," अशी ओरड, आणि मी ओलं फडकं पसरून इकडून तिकडे धावतेय. अंजनाबाई त्यांच्यातच बसल्या होत्या आणि प्रत्येक अळी निरखून देत होत्या. "ह्यायले गूळ नाही द्याचा म्हंते बाई," त्यांनी सगळ्यांना बजावलं. "कारन नका इचारू."

ऊन उतरायच्या आत अंगणात दोन वाट्या मांडल्या. बर्फाचा जेमतेम मुठीएवढा तुकडा उरला होता. एका वाटीत गूळ खाल्लेल्यांच्या ग्रंथी, दुसरीत तळ्यातल्या ताज्यांच्या. गौतम बर्फ फोडून वाट्यांभोवती रचत होता, मी सुईनं ग्रंथी ओढून रसायनात टाकत होते. रसायन डोळ्यांत झोंबत होतं. शेवटची ग्रंथी टाकली आणि बर्फाचं पाणी झालं.

निघताना अंजनाबाईंनी माझ्या पिशवीत गुळाची अख्खी ढेप घातली. मी रागावले होते त्याबद्दल काही बोलायला गेले, तर म्हणाल्या, "जाऊ दे वो. पुन्हा येजो. तेव्हा ठेचा कमी तिखट करू."

परत

मुंबईला त्या अंधाऱ्या खोलीत हिरव्या पडद्यापुढे मी श्वास धरून बसले होते. आधी गूळवाल्या ग्रंथींचा पातळ काप. भिंत दिसली, दारं दिसली, आठ गोळ्यांची महिरप शाबूत. पहिल्या फुगवट्याचे मोठे कण मात्र अगदी विरळ, आणि जे होते ते आतल्या बाजूला दारापासून जरा अलीकडे थबकल्यासारखे. याचा अर्थ काय, हे एका कापावरून मी सांगणार नाही. मग ताज्यांचा काप आला. भिंतीकडे निघालेले कण, एकामागून एक. आणि एका दारात, ऐन मधोमध, एक कण! आत गोल असलेला तो कण दारात बारीक होऊन लांबला होता, अर्धा आत, अर्धा बाहेर. अंग चोरून अरुंद बोळातून निघालेल्या माणसासारखा. नुसत्या भोकातून जाणाऱ्याला एवढं कशाला करावं लागेल? मी खुर्चीवरून उडी मारली. यंत्र चालवणारे गृहस्थ दचकले, पण तेही मग वाकून बघत राहिले.

सरांनी फोटो बराच वेळ हातात धरला आणि म्हणाले, "माशांचं राहू दे."

होळीला गौतम घरी गेला तेव्हा त्याच्याबरोबर मी त्या फोटोची एक मोठी प्रत पाठवली. परत आल्यावर त्यानं सांगितलं. किसनभाऊंनी फोटो उलटासुलटा करून बघितला. नामदेवरावांनी त्यात आपली अंबाडी कुठे आहे ते विचारलं. अंजनाबाईंनी तो उंबऱ्याजवळ उजेडात नेला, ते दार कुठलं ते गौतमकडून समजून घेतलं आणि त्या कणावर बोट ठेवलं.

"हा असा अर्धाच? मंग भाईर पडला का तो?"

 रसायन पडलं त्या क्षणी सगळं होतं तिथे थिजलं होतं, एवढंच गौतमनं सांगितलं. अंजनाबाईंनी कणावरचं बोट काढलं नाही. मग म्हणाल्या, "बाईले इचार. दारात उभं कायले ठेवलं त्याले?"

 फोटो माझ्या टेबलावर काचेखाली आहे, तिकडे बघितलं. उंबऱ्यावर कोणी थांबू नये, ही त्या घरातली गोष्ट मला आठवली, आणि माझ्या आनंदात ती आतापर्यंत कुठे गेली होती कोण जाणे. मग मी गौतमला म्हटलं, "आईंना सांग, त्याला दारात मी थांबवलं. तो तर निघालाच होता."